मधोमध इंजिन: एका स्वस्त गाडीची मालकी आणि मजा

या व्यासपीठावर आम्ही आजवर प्रमाणशास्त्रावर बोललो, मिलवर बोललो, एकदा तर मृत्यूवरही बोललो. त्यामुळे आजचा विषय फलकावर वाचून दोघंतिघं पुन्हा बाहेर जाऊन हॉलची पाटी बघून आले, ते आम्हाला इथून दिसलं. हॉल तोच आहे. विषय मोटारीचा आहे, हेही खरं आहे. लोणावळ्यात बोलायचं आणि मोटारीवर बोलायचं नाही हे जरा अवघडच. शनिवार-रविवारी आपल्या गावात माणसांपेक्षा मोटारी जास्त असतात.

विषयाचे शब्द असे आहेत: परवडणारी, जुनी, जपानी, मधोमध इंजिन असलेली स्पोर्ट्स कार. आमच्या सवयीप्रमाणे आधी लक्षण करू. नैयायिक लक्षणाचे तीन दोष सांगतात. गाईचं लक्षण 'शिंगं असलेला प्राणी' असं केलं तर ते म्हशीलाही लागू होतं, ही अतिव्याप्ती. 'तांबूस प्राणी' म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. 'एका खुराचा प्राणी' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आता 'मिड-इंजिन' गाडीचं सरळ लक्षण काय? जिचं इंजिन पुढच्या आणि मागच्या आसाच्या मध्ये असतं ती. हे लक्षण ऐकलं की डोळ्यांपुढे इटालियन गाड्या येतात, लाल किंवा पिवळ्या, जमिनीला टेकलेल्या. १९६६ची लॅम्बोर्गिनी मिउरा घ्या. तिच्यात इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवं बसवलेलं होतं. त्याआधी शर्यतीच्या मैदानात कूपर नावाच्या छोट्या इंग्लिश कंपनीने १९५९ साली इंजिन मागे ठेवून जॅक ब्रॅबहॅमला जगज्जेता केलं, आणि दोन-तीन वर्षांत फॉर्म्युला वनमध्ये पुढे इंजिन ठेवणारा कोणी उरला नाही.

पण या लक्षणात अतिव्याप्तीचा दोष आहे, आणि तो दोष या क्षणी हॉलच्या बाहेर, गुलमोहराखाली उभा आहे. मारुती ओम्नी. पुढचं सीट उचला, खाली इंजिन. पुढची चाकं त्याच्या पुढे, मागची मागे, आणि ताकद जाते मागच्या चाकांना. सुझुकीच्या 'कॅरी' या गाडीवरून घेतलेली रचना, म्हणजे जपानी. परवडणारी तर इतकी, की मावळातल्या निम्म्या शाळकरी पिढीने तिच्या मागच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन प्रवास केलाय. 'स्पोर्ट्स' हा एकच शब्द तिला लागू होत नाही. तो शब्द कुठून येतो, हाच आजचा प्रश्न.

एक गंमतीचा योगायोग सांगतो. मारुतीची व्हॅन आपल्या रस्त्यावर आली १९८४ साली. 'ओम्नी' हे नाव नंतर मिळालं. त्याच १९८४ साली जपानमध्ये टोयोटाने एमआर-टू नावाची दोन माणसांची गाडी विकायला काढली. नावाचा अर्थ 'मिडशिप रनअबाउट टू-सीटर'. (फ्रान्समध्ये 'टू' गाळून नुसतंच 'एमआर' ठेवावं लागलं, कारण तिथल्या उच्चारात ते नाव एका असभ्य शब्दासारखं ऐकू येतं. नामकरणाआधी परदेशी नातेवाइकांना विचारावं ते यासाठी.) एकाच देशातल्या दोन कंपन्या, दोन्हींनी इंजिन मधे ठेवलं, पण कारणं अगदी वेगळी. सुझुकीला जागा वाचवायची होती. गाडीची लांबी सव्वातीन मीटरच्या थोडी वर, त्यात माल आणि माणसं जास्तीत जास्त मावायला हवीत, मग इंजिन कुठे ढकलायचं? चालकाच्या बुडाखाली. टोयोटाला वळण हवं होतं.

वळणाचं काय ते नीट समजून घेऊ. चार फुटी काठी घ्या. तिच्या दोन टोकांना दोन नारळ बांधा, मधे धरा आणि मनगटाने इकडून तिकडे फिरवून बघा. काठी ऐकत नाही. फिरायला उशीर, आणि फिरली की थांबायला उशीर. आता तेच नारळ सोडून मुठीच्या दोन बाजूंना, मधोमध बांधा. वजन तेवढंच, पण काठी चटकन फिरते. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. मोटारीतली सगळ्यांत जड वस्तू म्हणजे इंजिन. ते नाकात किंवा शेपटीत टांगण्याऐवजी पोटाशी घेतलं की गाडी वळायला राजी होते. शिवाय मागच्या चाकांवर वजनाचा जास्त वाटा आल्याने वेग घेताना ती चाकं रस्ता घट्ट धरतात, आणि ब्रेक दाबल्यावर पुढे सरकणारा भार चारही चाकं वाटून घेतात.

ही विद्या टोयोटाने काढलेली नव्हती. ती सामान्य माणसाच्या खिशात कशी बसवायची, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर १९७२ सालीच फियाटने एक्स-वन-नाइन या गाडीत दिलं होतं. साध्या घरगुती गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाकं फिरवणारे दांडे असा एक आख्खा गठ्ठा नाकात बसवलेला असतो. तो गठ्ठा तसाच उचलायचा आणि सीटच्या मागे ठेवायचा. जो पुढची चाकं फिरवत होता तो आता मागची फिरवतो. टोयोटाने कोरोलाच्या कुटुंबातलं १५८७ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन घेतलं. ते यामाहाच्या मदतीने घडलेलं होतं. ओम्नीतही तीच काटकसर आहे. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मारुती ८००चं भावंड आहे. म्हणूनच वडगावला, कामशेतला, कुठेही तिचा सुटा भाग मिळतो.

आम्ही एमआर-टू चालवली आहे, हे आता कबूल करतो. आमचा भाचा इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ राहतो. त्याच्याकडे १९८८ची, पहिल्या पिढीची एमआर-टू आहे. त्याच्या शेजाऱ्याच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीपुढे ती खेळण्यासारखी दिसते. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. एका सकाळी त्याने किल्ली आमच्या हातात दिली आणि म्हणाला, "मामा, एकच सांगतो. वळणात शिरल्यावर भीती वाटली तरी पाय एकदम उचलू नका."

रस्ता होता ग्लॉसपहून शेफील्डकडे जाणारा, स्नेक पास. दोन्ही बाजूंना उघडे माळ, दगडी बांध, मेंढ्या, आणि डोक्यावर आपल्या जुलैसारखं आभाळ. आम्ही तिथे वेगाने गेलो नाही. वेगाची गरजच पडली नाही. स्टिअरिंगला पॉवरची मदत नाही, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो. पुढे फार काही नाही, रेडिएटर आणि जादाचं चाक, म्हणून नाक हलकं. कानामागे इंजिन. वळण दिसलं, स्टिअरिंग जरासं वळवलं, की गाडी आपल्याभोवती फिरल्यासारखी वाटते. एरवी आपण गाडीच्या शेपटीत बसून तिचं नाक वळायची वाट बघत असतो.

भाच्याच्या सूचनेचं कारणही शास्त्रीय आहे. वळणात असताना पाय उचलला की भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात, आणि शेपूट बाहेर जायला लागतं. काठीचे नारळ मधे आहेत, हे विसरू नका. जी गाडी चटकन वळते, ती चटकन गरगरतेही. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या एमआर-टूची यासाठी इतकी बदनामी झाली की कंपनीला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिचं सस्पेन्शन बदलावं लागलं. म्हणजे या गाडीत निर्णय वळणाच्या आधी घ्यायचा असतो. वेग किती, गिअर कोणता, ते आधी ठरवा. आत शिरल्यावर मत बदलणाऱ्याला ही गाडी माफ करत नाही. पुढे इंजिन असलेल्या आजच्या गाड्या चालकाच्या घाबरटपणाला सांभाळून घेतात. ते चांगलंच आहे, बहुतेकांनी त्याच घ्याव्यात.

आता मालकीचा भाग. भाच्याचा दर वर्षीचा हिशेब असा. चाकांच्या वरच्या कमानी आणि दारांखालची पट्टी गंजते, ती कापून नवा पत्रा जोडायचा. छताचे दोन काचेचे तुकडे निघतात, उन्हात फार सुंदर, आणि पावसात त्यांच्या रबरातून पाणी बरोबर चालकाच्या मांडीवर ठिबकतं. त्यासाठी सीटमागे कायमचा टॉवेल. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, म्हणून पाण्याचे नळ गाडीच्या पोटाखालून लांबवर गेलेले. त्यांत हवा अडकली की इंजिन तापतं. पाणी बदलताना ती हवा काढायला अर्धा दिवस जातो. बारा महिन्यांतून एकदा सरकारी तपासणी. त्या दिवशी भाचा जेवत नाही, असं त्याची बायको सांगते.

सोळाव्या शतकात नवद्वीपला रघुनाथ शिरोमणी नावाचा अचाट बुद्धीचा नैयायिक होऊन गेला. 'पदार्थतत्त्वनिरूपण' या ग्रंथात त्याने विचारलं, स्वत्व म्हणजे काय? जुनं उत्तर असं होतं की एखाद्या वस्तूचा मनाला येईल तसा उपयोग करण्याची योग्यता म्हणजे स्वत्व. रघुनाथाला ते पटलं नाही. उपयोगच म्हणाल तर दुसऱ्याच्या ताटातला भातही खाता येतो, पोट भरतं. शास्त्राने ते निषिद्ध केलंय म्हणाल, तर निषेध 'परक्याचं घेऊ नये' असा आहे, आणि परकं कोणतं हे कळायला आधी स्वत्व माहीत हवं. वर्तुळ झालं. म्हणून तो म्हणाला, स्वत्व हा स्वतंत्र पदार्थच माना, उपयोगात त्याचा हिशेब बसत नाही.

आम्ही हे तीस वर्षं वर्गात शिकवलं, पण पटलं ते स्नेक पासवर. त्या सकाळी गाडीचा सगळा आनंद आमचा होता आणि मालकी भाच्याची. गंज, टॉवेल, तपासणी, विमा, हे सगळं त्याचं. उलट, मालक असून मनाला येईल तसा उपयोग त्याला कुठे करता येतो? मीठ टाकलेल्या रस्त्यावर हिवाळ्यात ती काढायची नाही, पावसात शक्यतो नाही, दोघांपेक्षा जास्त माणसं नाहीत. परवडणाऱ्या जुन्या गाडीची मालकी म्हणजे बहुतेक वेळ गाडी न वापरण्याचे नियम पाळणं. त्याला विचारलं, मग ठेवतोस कशाला? तो म्हणाला, "मामा, दुसऱ्या कुणाला तिचं काय दुखतंय ते कळणार नाही." हे उत्तर रघुनाथाच्या ग्रंथात नाही, पण असायला हरकत नव्हती.

परत आल्यावर आम्ही आपल्या व्हॅनकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. ही १९९६ सालची. तेव्हा आम्ही तळेगावात राहायचो, कॉलेजला लोकलने जायचो, आणि व्हॅन होती ती रविवारची आणि कुटुंबाची. निवृत्तीनंतर लोणावळ्यात आलो तशी तीही आली. हिंदी सिनेमाने हिला अपहरणाची गाडी करून ठेवलंय. आमच्या व्हॅनने आजवर पळवलेली सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे पवनानगरच्या एका शेतकऱ्याकडून आणलेली इंद्रायणी तांदळाची चार पोती.

त्या पोत्यांमुळेच आम्हाला ही गाडी कळली. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून पवनानगरला उतरणारा रस्ता तुमच्या परिचयाचा आहे. पाठीमागे लोहगड, समोर पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना. रिकामी व्हॅन या उतारावर उड्या मारते. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंग मालासाठी कडक केलेल्या, वर वजन नाही. चाकं बारा इंची, वारा आला की उंच डबा डुलतो. म्हणजे इंजिन मधे असलं तरी गुरुत्वमध्य वर गेला की अर्धा फायदा वाया. पण दोन पोती मागच्या आसावर ठेवा, आणि तीच गाडी शहाण्यासारखी खाली बसते. शिवाय ओम्नीत चालक पुढच्या चाकांच्या वर बसतो. त्यामुळे वळणाच्या तोंडाशी आल्यावर लगेच वळवायचं नाही. आपण वळणात बसल्यासारखं वाटेपर्यंत थांबायचं आणि मग हात फिरवायचे. हे ज्याला साधलं त्याला दुधिवरेची खिंड पस्तीसेक अश्वशक्तीत पुरेशी आहे. तासाला चाळीस किलोमीटरवर जो आनंद मिळतो, तो दुसऱ्या मोटारीत घ्यायचा तर कायदा मोडावा लागेल.

सुखसोयींबद्दल थोडक्यात. कार्ब्युरेटर आहे, थंडीत चोक ओढावा लागतो. खंडाळ्याच्या धुक्यात डिस्ट्रिब्युटर ओलसर झाला की झाकण काढून फडक्याने पुसायचं. बुडाखालच्या इंजिनामुळे मे महिन्यात आपण शिजतो आणि जुलैत ओली पँट घरी पोहोचेपर्यंत वाळते. आपल्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा दुसरा फायदा मोठा धरा.

ॲरिस्टॉटल क्रियांमध्ये एक भेद करतो. घर बांधणं ही एक क्रिया, ती घर उभं राहिलं की संपते. पाहणं ही दुसरी, ती प्रत्येक क्षणी पूर्ण असते, तिचं फळ तिच्याबाहेर नसतं. मुंबईला जायला एक्सप्रेसवे धरणं ही पहिल्या जातीची क्रिया, पनवेल आलं की झाली. दुधिवरेची खिंड उतरणं दुसऱ्या जातीचं असू शकतं. आमचं म्हणणं एवढंच की 'स्पोर्ट्स' हा शब्द मोटारीच्या लक्षणात शोधू नये, तो या दुसऱ्या जातीच्या क्रियेत आहे. टोयोटाने त्या क्रियेसाठी गाडी घडवली, सुझुकीने पोत्यांसाठी. करणाऱ्याचं प्रयोजन वस्तूला कायमचं बांधून ठेवत नाही.

इथे आमच्या लेकीचा आक्षेप आहे, आणि तो आम्ही टाळणार नाही. ती म्हणते, "बाबा, तुझ्या गाडीत तुझे गुडघे हाच बंपर आहे." अक्षरशः खरं आहे. इंजिन बुडाखाली गेलं, चालक पुढच्या चाकांवर आला, त्यामुळे समोरून धडक बसली तर ती पचवायला पत्र्याशिवाय काही नाही. एमआर-टूत निदान नाकाची लांबी तरी आहे. अपघात-सुरक्षेचे नवे नियम आल्यावर २०१९ साली ओम्नीचं उत्पादन थांबलं, आणि थांबायलाच हवं होतं. जी पिढी दप्तर मांडीवर घेऊन तिच्यातून शाळेत गेली, तिला आपण कशात बसवलं होतं याचा विचार आला की अजून बरं वाटत नाही. स्वतःला धोका असेल तर माणसाने मजा करावी, मिल अडवणार नाही. पण दुसऱ्याला शेजारी बसवलं की मिलचीच दुसरी बाजू लागू होते. म्हणून गेली पाच वर्षं आमच्या घरात नियम आहे: नातवंडं व्हॅनमध्ये बसणार नाहीत, व्हॅन एक्सप्रेसवेवर आणि जुन्या हायवेवर जाणार नाही, शनिवार-रविवारी फाटकाबाहेर पडणार नाही. नातू रुसला. त्याला बंद व्हॅनच्या सरकत्या दाराशी खेळायची परवानगी आहे.

येत्या मार्चमध्ये नोंदणी संपते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, हे चौथं... नाही, २०११, २०१६, २०२१ झाली, हो, चौथंच. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारींची फी ५,००० रुपयांवरून १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला रस्त्याचा कर आणि वार्षिक तपासणी दोन्ही माफ होतात. भाचा २०२८ची वाट बघतोय. आपल्याकडे २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. आमच्या व्हॅनला ते भाग्य २०४६ साली लाभेल. आम्ही तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे असू. जुन्या गाड्यांचा धूर आणि धोका बघता फी वाढवली याबद्दल तक्रार करणं आम्हाला जमत नाही. आमचीही धूर सोडते. तरी भंगारात दिली तर जे जाईल त्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची, हेही आम्हाला अजून कळलेलं नाही.

घरात दोन पक्ष आहेत. लेक म्हणते, द्या. सौभाग्यवती म्हणतात, एकदा शेवटची पाच वर्षं घ्या, आणि ती संपली की बोलू नका. आमचं मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतं, पण आमच्या मताला स्वार्थाचा वास येतो, म्हणून ते मोजू नये असं आम्हीच सुचवलंय. फेब्रुवारीत व्हॅनची फिटनेस तपासणी. त्याच महिन्यात आमच्या लायसन्ससाठी डॉक्टरांकडे डोळ्यांची आणि प्रकृतीची तपासणी. वडगावचे मेकॅनिक म्हणतात, गाडी पास होईल. डॉक्टरांनी अजून काही म्हटलेलं नाही.

प्रश्न असतील तर आता विचारा. नंतर गुलमोहराखाली या, सीट उचलून इंजिन दाखवतो. एकच विनंती, लगेच हात लावू नका, येताना चढ होता, अजून गरम असेल.